बेळगावच्या प्रयोगानंतर

मुंबई, ४ मार्च १९८५

आक्का,

टीव्हीवरची निवेदनाची नोकरी सोडून मी नाटकात जातेय म्हटल्यावर तू विचारलंस, "आता वखारीत बायकांना काय सांगू गं?" तेव्हा नाटक कशाचं आहे ते मी सांगितलं नाही.

त्यात मी निपाणीच्या तंबाखू वखारीतली बाई होते. तिचं मूल तापानं जातं. सहा वर्षं टीव्हीवर शुद्ध बोलून आपली बोली माझ्या तोंडातून गेली होती. दिग्दर्शकांना काही पटेना. शेवटी तुझा सिदू गेला तेव्हाचं तुझं बोलणं आठवून मी म्हटलं, "अंग अजून गरम हाय, नेऊ नका रं." ते वाक्य नाटकात राहिलं. तुला विचारलं नाही. त्यावर मी हंबरडा फोडायची आणि टाळ्या पडायच्या.

बेळगावच्या प्रयोगाचं मी मुद्दाम कळवलं नव्हतं, तरी तू आलीस. रंगपटात माझ्यासमोर बसून म्हणालीस, "शब्द माझंच हायत. पर मी तवा रडले न्हवते गं. रडले असते तर पोर गेलं म्हणून लगेच उचललं असतं."

काल पुण्यात मी रडले नाही. टाळ्या पडल्या नाहीत, कुणी खोकलंसुद्धा नाही.

हे पत्र टाकत नाही. तुला ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागेल. सिदूचं मरण परक्या तोंडून तुला एकदा ऐकवलंय, तेवढं पुरे.

तुझी धाकटी,
मालन