शिवेपर्यंतचा माग

बा, तू जाऊन बरीच वर्षं झाली. अमरावतीच्या शाळेत मी अक्षरं शिकले ती तू गेल्यानंतर, म्हणून हे लिहायचं राहिलं. तू गावचा जागल्या. मुलगा नव्हता, म्हणून चोराचा माग काढायला मला शिकवलंस. मातीत उमटलेलं पाऊल टोपलीखाली झाकायचं, ज्वारीच्या धांड्यावर टाच, चवडा, अंगठा अशा तीन खुणा करायच्या. काळी माती सुकताना आखडते, म्हणून खरा पाय मापापेक्षा मोठा निघेल, लहान कधीच नाही. हे तुझंच सांगणं.

कापसाला सोन्याचा भाव आलेला. आपल्या गावात थांबलेल्या गाडीवरचे कापसाचे बोजे चोरीला गेले आणि अमरावतीहून पोलिसांचा जमादार आला. नाल्याकाठच्या सुकत आलेल्या चिखलात एकच पाऊल धड उमटलं होतं. तू पुढे, मी त्याच्या मापाचा धांडा घेऊन मागे, जमादार आणि गावची माणसं आपल्या पाठोपाठ. माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला. रीत अशी, की तिथून त्या गावानं माग पुढे काढून द्यायचा, नाहीतर चोर द्यायचा. त्यांचा पाटील चिडला. "तुमचे चोर चालत येतात, अन् आमच्याच शिवेत थकतात काहून?" सगळे हसले. तूही हसलास.

दुपारी त्यांनी माणूस दिला. भाजीच्या मळ्याला पाणी देणारा, कुठूनसा आलेला, गावात कोणी नात्याचं नसलेला. त्याची बायको हातातली मेथीची जुडी तशीच धरून उभी. धांडा मी लावला. अंगठ्याची खूण त्याच्या अंगठ्याच्या बोटभर पुढे राहिली.

"बा, हा पाय नाही."

"माती आखडते, पोरी."

"आखडते. लांबत नाही."

तू धांडा माझ्या हातातून काढून घेतलास. "आपलं काम शिवेपर्यंत. समोर त्यायचं गाव."

जमादार खूश होता. "गाव अन् पोलीस असे संगं चालले, तं चोर जाईन कुठी?" म्हणत त्यानं तुझ्या खांद्यावर नवा पट्टा घातला. त्यानंतर त्या वाटेनं गाड्या बिनघोर जाऊ लागल्या, हे मी नाकारत नाही. जमादारानं नेलेला तो माणूस परत आला नाही. त्याची बायको शिवेवर येऊन बसायची. तुला काही विचारायची नाही, फक्त तुझ्या पायांकडे बघायची. मग तू वाट बदललीस. धांडा आपल्या चुलीत गेला, तो मीच सारला.

हा कागदही घरातच राहील. तुला दोष द्यायला बसले होते, पण माप नीट सांगायला हवं. "हा पाय नाही" हे मी तुझ्या कानाशी बोलले. जमादार चार पावलांवर होता. त्याला ऐकू जाऊ नये, एवढा आवाज मी बेतून लावला होता.