विहीणबाईंचा मुक्काम आणि माझी मोटरसायकल

आदरणीय व्याहीबुवांना,

चष्म्याच्या दुकानातून तुमच्या व्याह्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग अशासाठी, की कमरेमुळे सध्या मला नुसतं वाकता येत नाही, वाकलो की सगळाच आडवा होतो.) तुमचा रक्तदाब आणि गच्चीतली गुलाबाची कलमं आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे सगळे खुशाल. विहीणबाई तर इतक्या खुशाल आहेत की त्याबद्दलच लिहायला बसलो आहे.

आठ दिवसांसाठी आलेल्या विहीणबाई महिना उलटला तरी इथेच कशा, असं तुम्ही फोनवर दरवेळी विचारलंत आणि दरवेळी मी 'आवाज नीट येत नाही' म्हणालो. आवाज नीट येत होता. त्या मुळात इकडे का आल्या तेही आम्हाला पहिल्याच संध्याकाळी कळलं. निवृत्तीनंतर तुम्ही स्वयंपाकघरात काटा नेऊन ठेवलात आणि भाजीत घालायचं मीठ वजन करून द्यायला लागलात, असं त्या म्हणाल्या. वजनमापे खात्यात हयात घालवलेल्या माणसाला हे सुचणारच, अशी मी तुमची बाजू घेतली. (फार वेळ नाही. समोर विहीणबाई होत्या.)

तर त्याच सुमारास मी एक मोटरसायकल घेतली. परदेशातून, लाकडी खोक्यात घालून, बोटीने आलेली. माझ्या कॉलेजच्या दिवसांत तिचं चित्र माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं होतं, म्हणजे गाडीही माझ्यासारखीच वयस्कर. टू-स्ट्रोक इंजिन, शर्यतीचा बाज, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून पाजावं लागतं, आणि ती ते ऑइल निळ्या धुराच्या रूपाने शेजाऱ्यांना परत करते. आमच्या सौ.ला मी सांगितलं होतं की दुकानासाठी डोळे तपासायचं यंत्र येतंय. खोकं इमारतीच्या दारात उतरलं तेव्हा तिने फळ्यांच्या फटीतून आत पाहिलं आणि एवढंच विचारलं, की डोळे तपासायच्या यंत्राला नंबरप्लेट कशाला लागते.

खोकं फोडल्यावर मी गाडीवर बसलो. बसलो म्हणणं बरोबर नाही. शर्यतीच्या गाडीवर पोटावर पालथं पडायचं असतं, आणि माझ्या बाबतीत पोट आधी पोचतं. पडलो ते बरं पडलो, पण उठता येईना. पाय मागच्या खुंट्यांवर, हनुवटी टाकीवर, दोन्ही हात खाली, आणि कंबर संपावर. तळमजल्यावरचे सोसायटीचे चेअरमन खिडकीत येऊन 'मीटिंगला येताय ना' असं विचारून गेले. शेवटी सौ.ने एका काखेत आणि विहीणबाईंनी दुसऱ्या काखेत हात घालून मला कपाट हलवावं तसं उतरवलं. विहीणबाईंनी मला हात लावायची ही पहिलीच वेळ. संकोचाने मी त्यांना चहा घेणार का विचारलं, अधांतरीच.

पुढचा आठवडा गाडी सुरू करण्यात गेला. बटण नाही, किक आहे, आणि किक मारली की ती उलटी मारते. पहिल्याच दिवशी माझी चप्पल पायातून सुटून चेअरमनांच्या गॅलरीत गेली, ती त्यांनी मीटिंगमध्ये पुरावा म्हणून मांडली. गॅरेजवाल्याला बोलावलं. तो कानात दागिना घालणारा, बोलघेवडा गृहस्थ. इंजिनाला कान लावून त्याने डोळे मिटले आणि 'सुंदर' म्हणाला. काय सुंदर, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. दोन तास त्याने कार्बोरेटर सोडला, जोडला, आणि एक स्क्रू उरला तो मला भेट म्हणून दिला.

त्या दिवशी विहीणबाई पायरीवर बसून वर्तमानपत्र वाचत होत्या. मी घामाघूम होऊन किक मारतोय, गॅरेजवाला बाजूने उत्तेजन देतोय, आणि पेपराच्या आडून आवाज आला, "चोक बंद करा आधी. पेट्रोल पिऊन गुदमरलंय ते."

विहीणबाई उठल्या, चष्मा कपाळावर सरकवला, वर जाऊन माझ्या मुलीचे जुने बूट घालून आल्या. प्लग काढला, काळा झालेला तो पेपराच्या कोपऱ्याने पुसला (तुमच्या पेन्शनची बातमी होती त्या कोपऱ्यावर, सॉरी), परत बसवला, आणि एकच किक. व्याहीबुवा, सगळी इमारत निळी झाली. चेअरमनांच्या दोरीवरच्या चादरी त्या दिवसापासून राखाडी आहेत. मी काही म्हणायच्या आत त्या गाडीवर बसून फाटकाबाहेर गेल्या होत्या. ही गाडी कमी वेगात अगदी मेल्यासारखी चालते आणि वेग चढला की एकदम सुटते. कोपऱ्यावरून तो सुटल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ काहीच नाही. मी आणि सौ. एकमेकांकडे न बघता उभे. तुम्हाला काय तोंड दाखवायचं, हा एकच विचार माझ्या मनात होता. सौ.च्या मनात दुसरा होता, हे मागाहून कळलं: मागे बसायला जागा आहे का.

त्या परत आल्या तेव्हा केस विस्कटलेले होते आणि चेहरा, कसं सांगू, लग्नाच्या फोटोतसुद्धा मी तसा पाहिलेला नाही. रात्री जेवताना सगळं बाहेर आलं. त्यांचे थोरले बंधू शर्यतीत उतरायचे, ते तुम्हाला माहीत आहे. शर्यतीआधी गाडी कोण चालवून बघायचं, ते माहीत नाही. तुम्ही त्यांना बघायला गेलात तेव्हा म्हणालात, "मला शांत मुली आवडतात." म्हणून त्या शांत राहिल्या. "मग व्याहीबुवांच्या स्कूटरवर मागे बसलं की तुम्हाला चक्कर कशी येते?" असं सौ.ने विचारलं. विहीणबाई म्हणाल्या, "चक्कर कसली येतेय. हे चालवतात ते बघवत नाही." (क्षमा असावी. मी फक्त जसंच्या तसं लिहितोय.)

तेव्हापासून रोज सकाळी दोघी जातात. सौ. मागे. मी मुलीचा बाप; आपल्या लेकीच्या सासूला 'माझी गाडी द्या' असं कोणत्या तोंडाने म्हणणार? मी दूध तापवतो, दुकान उघडतो. पण एक सांगतो. काल त्या प्लग साफ करत बसल्या होत्या आणि मला म्हणाल्या, "त्यांना एकदा मागे बसवून न्यायचं होतं. घाबरतील, पण ओरडणार नाहीत." यावर तुम्ही बोलावं असं वाटतं.

विहीणबाई इथे हव्या तितक्या राहोत, आम्हाला आनंदच आहे. कळावे, लोभ आहेच, मीठही आहे.

आपला,
चष्मेवाला व्याही

ता.क. सोबतचं हेल्मेट तुमच्यासाठी. काटा स्वयंपाकघरातून हलला आणि दर रविवारी तुम्ही मागे बसलात, तर त्या घरी राहतील. हे त्यांचं म्हणणं. मला पटतं.

ता.क. दुसरा. वर 'हव्या तितक्या राहोत' लिहिलंय ते खरं धरू नका. त्यांना ठेवून घ्या आणि गाडी तेवढी परत पाठवा. त्या अडकलेल्या दिवसानंतर मी तिच्यावर बसलेलो नाही.

ता.क. तिसरा. हे पत्र पोस्टाने येत नाही. विहीणबाईच घेऊन निघाल्या आहेत, म्हणजे तुम्ही हे वाचताय तेव्हा त्या फाटकात इंजिन चालू ठेवून उभ्या असतील. डिंक संपल्यामुळे पाकीट उघडंच आहे. तेव्हा दुसऱ्या ता.क.मध्ये गाडी परत पाठवण्याची एक ओळ आहे, ती वाटेत खोडली गेली असली तरी वाचा.