लासूरच्या सुरीवरचा निळा डाग

१ फेब्रुवारी, रविवार

अभय सकाळीच टपकला. तीन सुऱ्या धार लावायला नेल्या होत्या, त्या परत आणल्या. काय धार लावलीय बेट्यानं! कागद हातात धरून पातं नुसतं टेकवलं, खालपर्यंत सरकत गेलं. आवाजसुद्धा नाही.

लासूरची सुरी भिंगाखाली नीट पाहिली. स्वच्छ. एक ओरखडा नाही, एक डाग नाही. गोकुळ लोहारानं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून घडवलेली, मूठ शिसवाची — आठ महिने वाट बघितली हिच्यासाठी! लासूर स्टेशनच्या त्या भट्टीवर किती चकरा मारल्या! अजून तिनं कांदासुद्धा पाहिलेला नाही. ८ मार्चला पुण्यात आमच्या सुरीवाल्यांचा मेळावा आहे, तिथं हीच न्यायची. मांडायची म्हणजे कोरी हवी, वापरलेली नको.

चारुता चहा देता देता म्हणाली, "चौदा सुऱ्या कपाटात आणि मी भाजी चिरते विळीवर!" अभय लगेच तिच्या बाजूनं. "वहिनी, ह्याच्या सुऱ्या म्हणजे सरकारी पाहुणे. त्यांना काम सांगायचं नसतं." दोघं मिळून खेचतात माझी. खेचा!

बाबा बाहेर आले. अभयला "आई कशी आहे?" एवढंच विचारलं. सत्यभामाकाकूंचं डिसेंबरात खुब्याचं ऑपरेशन झालं. मी अजून बघायला गेलेलो नाही. काकू आणि आई एकाच टेलिफोन ऑफिसात होत्या, मी आणि अभय शाळेत जायच्या आधीपासूनचे दोस्त — आणि मला उस्मानपुऱ्यापर्यंत जायला सवड नाही! जायला पाहिजे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

लासूरच्या सुरीवर डाग आहे.

धारेपासून बोटभर वर. अंगठ्याच्या नखाएवढा. निळसर. गंज नाही — गंज तांबूस असतो, खरखरीत लागतो. हा गुळगुळीत. हवेत ओल म्हणावी तर ओल कुठंय? फेब्रुवारी चाललाय, नळाला आठ दिवसांनी पाणी येतंय. भिंतीसुद्धा कोरड्या ठणठणीत.

काही कळत नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा पाहिला. आहेच.

८ फेब्रुवारी, रविवार

चारुताला विचारलं, सुरी वापरलीस का. "मी? त्या कपाटाला हात लावायला मला भीती वाटते. एक इकडची तिकडं झाली तर तू दोन दिवस जेवणार नाहीस." खरं आहे तसं.

किल्ली देवघराच्या बाजूला खिळ्यावर असते. घरात माणसं तीन. मी, चारुता, बाबा. बाबांचं वय एकोणऐंशी. आई गेल्यापासून तीन वर्षं झाली, त्यांचं बोलणं दिवसाला दहा वाक्यांवर आलंय. अकराला घरातून निघतात, वाचनालयात बसतात, चारला येतात. त्यांचा आणि सुऱ्यांचा काय संबंध?

आणखी एक. पात्याला खोबरेल तेलाचा वास येतोय! मी मशीनचं तेल लावतो, नेहमी. खोबरेल कुणी लावलं? म्हणजे कुणीतरी वापरतो, धुतो, पुसतो, वर तेल लावून जागच्या जागी ठेवतो. चोर असा असतो का?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

डाग वाढला! आता अर्ध्या पात्यावर. निळा, मधेच जांभळा, टोकाकडं राखाडी. दिसायला सुंदर आहे हो — तेच तर चिडायला होतं.

कंपनीत लक्ष लागलं नाही. माझं कामच खोट शोधायचं. एक नट बाद करताना मी तीनदा मोजतो. आणि घरातली खोट सापडेना.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी होती. सुरी घेऊन लासूरला गोकुळकडं गेलो. तो भट्टीत भाता मारत होता. हात पुसले, पातं उन्हाकडं केलं, तिरकं केलं, आणि हसायलाच लागला.

"साहेब, ही तर कामाला लागली की! लई बरं वाटलं."

"अहो पण मी वापरलीच नाही!"

"मग कुणीतरी वापरलीय. कांद्यानं काळपट व्हती, लिंबानं राखी. ही निळी झाक हाय का, ही मटनाची. दुसऱ्या कशाची नाय. आन कापणारा सावकाश हाताचा हाय. बारीक कापतोय, एका जागी. हाडावर घातलेली नाय, धारेला खाच नाय बगा."

मी म्हणालो, आमच्या घरात मटण येत नाही. तो म्हणाला, "सुरी कशाला खोटं बोलंल?" वर मलाच झापलं. म्हणे, तुमच्यासारखे लोक नेतात आणि कपाटात कोंडतात, मी काय कपाटासाठी घाम गाळतो का?

मटण! माझ्या सुरीवर!

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. बाबांचा कडक उपास, पाण्याशिवाय काही नाही. त्यांना "तुम्ही मटण कापता का" विचारायचं? जीभच उचलणार नाही. चारुताच्या माहेरीसुद्धा कुणी खात नाही.

मग राहिलं कोण? सुरी घराबाहेर गेली ती एकदाच. अभयकडं. आठवडाभर त्याच्याकडं होती. त्याच्या घरी मटण होतंच. मोह झाला असेल, चांगली सुरी हातात आल्यावर कुणालाही होईल. पण सांगायचं की राव! मित्र ना आपण?

तोच. दुसरं कुणी असूच शकत नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

विचारलं. कंपनीच्या कँटीनमध्ये, जेवताना. हळू विचारायचं ठरवलं होतं, पण माझा आवाज मला माहीत आहे.

"लासूरची सुरी मटणाला वापरलीस का?"

तो आधी हसला. गंमत वाटली त्याला. "नाही रे."

"मग निळी कशी झाली? गोकुळ म्हणाला मटणच. आमच्या घरात तर आजवर कुणी शिवलेलं नाही. मी जन्मात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही, तुला माहितीय."

त्यानं हातातला घास खाली ठेवला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाला, "चाळीस वर्षांची ओळख. तुला पहिला मीच आठवलो का रे?"

अर्धी पोळी तशीच टाकून उठला. शेजारच्या टेबलावरचे सगळे बघत होते.

मी चूक काय बोललो? साधा प्रश्न विचारला. मला त्याचा राग कळत नाही. आणि तोंड उघडून मिटलं ते कशासाठी?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दुसऱ्या टेबलावर बसला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

कपाट उघडलं. डाग आता मुठीपर्यंत! खोबरेलाचा ताजा वास. अभय तर पंधरा दिवसांत घरी फिरकलेला नाही.

ही वही मागं उलटली. १ फेब्रुवारी. माझ्याच अक्षरात — "स्वच्छ. एक डाग नाही." अभयनं परत दिली तेव्हा सुरी कोरी होती. मीच तपासली, मीच लिहिली! आणि पंधरा तारखेला लिहितोय, तोच, दुसरं कुणी असूच शकत नाही.

चार पानं मागं बघायचं सुचलं नाही मला. मटण म्हटलं आणि त्याचं नाव आलं. आपोआप आलं. लाज वाटते लिहायला, पण हे इथं तरी लिहिलं पाहिजे.

२२ फेब्रुवारी, रविवार

अभयला पाच फोन केले. उचलत नाही. चारुताला सगळं सांगितलं. तिनं कणकेचा गोळा परातीत आपटला. मग म्हणाली, "कंपनीत नट बाद करायला तीनदा मोजतोस. माणूस बाद करायला एकदाही मोजलं नाहीस."

"मग मी काय करू?"

"मला काय विचारतोस? जा आणि पाया पड."

जाऊन सांगू काय? तू नव्हतास — मग कोण होतं? तेच अजून माहीत नाही! डाग दर गुरुवारी वाढलेला दिसतो. म्हणजे बुधवारी काहीतरी घडतं. बुधवारी रजा टाकतो.

२५ फेब्रुवारी, बुधवार

नेहमीसारखा डबा घेऊन निघालो. गाडी गल्लीच्या टोकाला लावली आणि परत येऊन समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभा राहिलो. चारुता शाळेत शिकवायला गेली. दहा पन्नासला आमच्या खिडकीतून दिसलं — बाबांनी खिळ्यावरची किल्ली काढली. कपाट उघडलं. लासूरची सुरी वर्तमानपत्रात गुंडाळली, दोरा बांधला, कापडी पिशवीत घातली. कपाट लावलं. देवाला नमस्कार केला आणि निघाले!

मागं गेलो. क्रांती चौक त्यांनी एकट्यानं ओलांडला, हात वर करून रिक्षा थांबवत. तिथून उस्मानपुऱ्याकडं. वाचनालय उलट्या बाजूला राहिलं. आणि मग — माझे बाबा, सदाशिवराव, जे हॉटेलात पाणी पीत नाहीत ते — मटणाच्या दुकानापुढं उभे! नाकाला रुमाल लावून, रांगेत! दुकानदार ओरडून म्हणाला, "आओ काका, आज लेट हो गए?" ओळखतो त्यांना! पाव किलो, बिनहाडाचं. बाबांनी रुमाल न काढता पिशवी पुढं केली.

तिथून दुसऱ्या गल्लीत. हिरवं दार. अभयचं घर. अभय कंपनीत, त्याची बायको रूपा ड्युटीवर, दिवसा काकू एकट्या असतात. बाबांनी कडी वाजवली नाही, सरळ ढकलून आत गेले.

मी समोर पानटपरीशी उभा. आत जायचं धाडस झालं नाही. अर्ध्या तासानं आतून काकूंचं हसणं ऐकू आलं. आणि बाबांचंही. बाबांचं हसणं मी तीन वर्षांत ऐकलेलं नाही.

काय चाललंय काय?

२६ फेब्रुवारी, गुरुवार

बाबांना विचारलं. सरळ. "काल मी तुमच्या मागं होतो."

त्यांनी पेपर खाली ठेवला. घाबरले नाहीत.

"सत्यभामाबाईंच्या अंगात रक्त कमी आहे. डॉक्टरांनी मटणाचं सूप सांगितलंय. दात नाहीत, म्हणून बारीक कापावं लागतं. पोरं दिवसभर कामावर. बुधवारी मी जातो."

"पण तुम्ही? मटण?"

"खात नाही. कापतो. चुलीवर ठेवतो, त्या सांगतात तसं."

"माझी सुरी कशाला?"

"त्यांच्याकडची बोथट. ह्या वयात जोर लागत नाही. त्या दिवशी अभयनं धार लावून आणलेली पाहिली." मग म्हणाले, "डाग पडतो हे माहीत नव्हतं. मी धुऊन, तेल लावून ठेवत होतो."

अभयला माहीत होतं का? होतं. बाबांनीच त्याला बजावलेलं, "शंतनूला सांगू नको." का सांगू नको? "तू आमच्याकडं कसा बघशील, ते मला सांगता येईना."

म्हणजे कँटीनमध्ये तोंड उघडलं तेव्हा हे सांगणार होता. बाबांना शब्द दिलेला, म्हणून मिटलं. आणि मी शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असं बोललो!

"पण बाबा, तुम्हीच का? एवढं काय आहे?"

"ते त्यांना जाऊन विचार," म्हणाले आणि पेपर उचलला. दहा वाक्यं कधीच संपली होती आजची.

२८ फेब्रुवारी, शनिवार

पुण्याला कळवलं, मी मेळाव्याला येत नाही. कारण काय, विचारलं. सुरी वापरात आहे, म्हणालो.

१ मार्च, रविवार

अभयकडं गेलो. दार त्यानंच उघडलं. "माझं चुकलं. फार चुकलं," म्हणालो. तो बाजूला झाला. काकू खाटेवर बसल्या होत्या, सूप पीत. मला बघून रूपाला म्हणाल्या, "ह्यालाबी दे गं वाटीभर." मी नको म्हणणार होतो, तोच वास आला. मिरी, लसूण. ओळखीचा! कुठला? वाटी तोंडाला लावली. पहिल्याच घोटाला आई दिसली, माझं नाक दाबून धरलेली, "गीळ, काढा आहे."

"काकू, हा काढा..."

"सहा वर्षांचा व्हतास. छातीत धरलं व्हतं. डॉक्टर म्हणले, सूप पाजा, नायतर पोरगं हाताला लागायचं नाय. तुमच्या घरात तुझी आजी, लई सोवळ्याची. मग तुझी आई, कालिंदी, इथं येऊन शिजवायची, तुझे बाबा सायकलवर न्यायचे. आठ महिने."

मी अभयकडं वळलो. "तुला माहीत होतं?"

"डब्याचं झाकण मीच लावायचो," तो म्हणाला.