आक्काची डबी

मंगळवार, सांगली

सरकारी इशाऱ्याच्या नव्या, मोठ्या चित्रापायी तंबाखूच्या पुडीची छपाई चार दिवस बंद राहिली आणि माझा बगळा छाप नखाएवढा उरला. तरी सगळीकडे मिरवलं, आपल्या तंबाखूत कायद्याला खोट सापडायची नाही.

आज थोरल्या आक्काला मिरजेला नेलं. गालातली जखम बघून डॉक्टर म्हणाले, "मावशी, पुडीवरचं चित्र कधी पाहिलं नाही?"

"पुडी कोण बघतंय, डाक्टर? दुकानातच डबीत वतायची आन् टाकायची." मग माझ्याकडे वळली, "तोंड का पाडलंस रं? तुजा बगळा रोज बघतीय की!"

ती डबी. मीच दिवाळीला गिऱ्हाइकांना वाटलेली. बगळा पुडीवर मावेना म्हणून झाकणभर काढला. लोक तंबाखू डबीत ओतून पुडी फेकतात हे मला ठाऊक नव्हतं? होतं.

डबीवर इशारा नाही.