चाळीस लिटरचा खोका

मंगळवार, संध्याकाळ. बोरीवली.

माप चुकलंय. विहाराच्या हॉलसाठी सबवूफरचा खोका बनतोय, जयंतीला पोरीबाळींचे नाच त्याच्यावरच होणार, आणि माप मी दिलंय.

स्पीकरला खोक्यात चाळीस लिटर जागा लागते. सचिनला, म्हणजे आमच्या सुतार मित्राला, मी सांगितलं: चाळीस बाय चाळीस बाय पंचवीस सेंटिमीटर. गुणाकार बरोबर चाळीस लिटर. पण हे माप बाहेरचं. अठरा मिलिमीटरचा प्लाय दोन्ही बाजूंनी आत येतो, हे डोक्यातच आलं नाही. आत उरतात जेमतेम अठ्ठावीस. त्यातही स्पीकरचं मागचं लोहचुंबक जागा खाणार. बेस नुसता घुमत राहणार.

बाहेरून का मोजलं मी? आमच्या घरांत सगळं बाहेरूनच मोजतात म्हणून. कपाट दारातून जाईल का, फ्रिज कोपऱ्यात मावेल का. मीसुद्धा टेप घेऊन आधी हॉलचा माळाच मोजला, कारण जयंतीनंतर खोका तिथे जाणार.

सचिन उद्या चिकटवणार होता. लगेच फोन करायचा ना? पण आधी खात्री करू म्हणून परत गुणाकार केला. मग परत. अठ्ठावीसच. त्या अठरा मिलिमीटरने वाट लावली.

शेवटी लावला फोन. "सचिन, खोका चिकटवू नकोस रे."

"आत्ताच चिकटवला ना. स्क्रूपण मारले. म्हटलं, तुला टेन्शन नको. माळ्यावर ठेवूनही बघितला, यार. झकास बसला."