माझ्या पाठीचा फोटो

शुक्रवार पेठ, सोलापूर

तीर्थरूप महानंदाक्कास,
धाकट्या चन्नवीरचा शरणार्थ.

दाजींचा खोकला काय म्हणतो? म्हैस व्याली का? मी इकडं मजेत आहे. (मजेत म्हणजे, डाव्या पायातली चप्पल वाटेतच गळून पडते आणि मला ते घरी आल्यावर कळतं, एवढंच. टांगेवाला बंदेनवाज ती आणून देतो आणि म्हणतो, मालक, एक दिवस पाय बी इसरून याल की!)

त्यानंच मला दवाखान्यात ओढून नेलं. डॉक्टर म्हणाले, उद्या पाठीचा फोटो काढू. आता फोटो म्हटल्यावर मी लग्नातला कोट घातला, रुमाल बांधला, मिशीला तेल लावलं. तिथं गेल्यावर अंगावरचं सगळं उतरवलं की गं! मग मणक्यांच्या नळीत सुई घालून औषधी तेल सोडलं. आत मज्जारज्जूभोवती म्हणे चिंचोळी जागा असते. तेल तिथून ओघळतं, आणि वाट कुठं अडली असेल तर फोटोत दिसतं. मला फळीवर बांधून फळी तिरकी केली. (लग्नातही मी इतका वाकलो नव्हतो.)

त्याआधी गळ्यातलं इष्टलिंगही काढा म्हणाले. अव्वानं पाळण्यात असताना बांधलेलं लिंग परक्याच्या हातात कसं देऊ? हो हो म्हणत मी ते चांदीच्या डबीसकट हळूच कमरेखाली सरकवलं. झालं! फोटोत ही एवढी गाठ! तीन डॉक्टर गोळा झाले. एकानं तर असली गाठ उभ्या जन्मात पाहिली नव्हती. मला उठवलं तेव्हा डबी खणकन खाली पडली. काय बोलणी खाल्ली म्हणून सांगू! टांग्यात मी हसून हसून बेजार झालो. घरी आलो तर ऐकायला कोणी नाही. माझी गिरिजा असती तर तोंडाला पदर लावून हसली असती. ती गेल्यापासून या घरात मला लई एकटं वाटतं. शेवटी चुलीपुढं बसून सगळं सांगितलं, तेव्हा कुठं जेवण गेलं.

दुसऱ्या दिवशी डबी मुठीत धरून पुन्हा फोटो काढला. गाठ गायब! तेव्हा काळजी नसावी.

तुझा,
चन्नवीर

ता. क. : कोणी इकडं येणार असेल तर कडक भाकरी पाठव.

आणखी एक : डबीची गाठ गेली, पण दुसऱ्या फोटोतही तेल तिथंच अडलेलं दिसलं. सोमवारी पाठ उघडून बघणार आहेत. भूल दिल्यावर मूठ सुटते म्हणे, मी विचारून घेतलं. बंदेनवाज म्हणाला, ते लिंग घरच्या माणसाच्या हातात पायजे, अक्काला लिवा. अक्का, भाकरी राहू दे. मला लई भीती वाटते गं. तू ये, आणि मी डोळे उघडेपर्यंत ते तळहातावर धरून बस.