विहीणबाई आणि मी, आतड्यात

ताईस धाकटीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचं घोरणं अजून शेजारच्यांना ऐकू जातं का? आम्ही मजेत. मी तर इतकी मजेत आहे की पेन कागदावर टिकत नाही, तेव्हा अक्षराकडे बघू नकोस.

ताई, मी जिंकले! कशी ते ऐक. लेकीच्या लग्नापासून विहीणबाईंचं आणि माझं विळ्याभोपळ्याएवढं सख्य, हे तुला ठाऊकच आहे. (लेकीसाठी मी हौसेनं शिवलेले पडदे बघून त्या म्हणाल्या, दवाखाना छान दिसतोय. तेव्हापासून आमचं बोलणं लेकीमार्फत चालतं.) तर परवा लेक-जावई मला विज्ञान महोत्सवाला नेणार होते. फाटकापाशी पोचते तर दोघांचा पत्ता नाही, आणि विहीणबाई दोन तिकिटं घेऊन उभ्या! (जावयाला ऐनवेळी ताप आला म्हणे. ताप कसला, कट होता तो.) आता परत फिरावं तर मी घाबरले असं व्हायचं, म्हणून आत गेले.

आधी चित्रांचं दालन. तिथे एका यंत्रावर बोट ठेवलं की नाडीच्या ठोक्यासरशी भिंतीवर प्रकाशाची फुलं उमलतात. माझी भराभर उमलली. विहीणबाईंची एकेक कळी विचार करून, रांगेत. (मुख्याध्यापिका होत्या, नाडीलासुद्धा शिस्त आहे.) पुढे माणसाचं पोट! कापडाचं, हवा भरून फुगवलेलं, घराएवढं. तोंडातून शिरायचं, जिभेवरून चालायचं, घशातून घसरायचं, आणि जठर, आतडी बघत पलीकडून निघायचं. विहीणबाई प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत पुढे, मी मागे. लहान आतड्याच्या ऐन वळणावर हवेचा पंखा बंद पडला आणि अख्खं आतडं आमच्या डोक्यावर बसलं. मिट्ट काळोख. मागे लोकांचा आरडाओरडा. तेवढ्यात कोणीतरी माझा हात घट्ट धरला. "विहीणबाई, मला अंधाराची फार भीती वाटते हो." इतका बारीक आवाज, तो विहीणबाईंचा हे मला आधी ओळखूच आलं नाही. माझं आतडंच तुटलं गं. (त्या जागी हा शब्द बरा नव्हे, पण तुटलं.)

हात सोडू नका म्हटलं आणि रांगायला लागले. बाहेरून तिथला स्वयंसेवक ओरडत होता, सरळ मोठ्या आतड्यातून या, दार जवळच आहे! हे ऐकून विहीणबाई जागीच थांबल्या. "मी मुख्याध्यापिका होते. त्या दारानं मी बाहेर पडणार नाही." बाईंचं चुकत नव्हतं, ताई. पलीकडे गर्दी मोबाइल रोखून उभी असणार. मग मीच मोर्चा वळवला. डोक्यानं कापड उचलत, मागच्या सगळ्यांना दटावून उलटं फिरवत, जठर पार करून त्या लोळागोळा झालेल्या घशातून आम्ही वर चढलो (विहीणबाई मला खालून ढकलत होत्या, वजनाबद्दल अवाक्षर न काढता) आणि एकामागून एक सगळे तोंडातून बाहेर! टाळ्यांचा नुसता कडकडाट. स्वयंसेवक म्हणाला, आजी, शास्त्रीय भाषेत याला उलटी म्हणतात. विहीणबाई केस सारखे करत म्हणाल्या, "म्हणू दे. मान वर ठेवून आलो ना?" आणि चारचौघांत माझ्या खांद्यावर हात टाकला. मग चहा पीत अशा काही गप्पा रंगल्या की लेक फोन करकरून थकली.

थोरामोठ्यांना नमस्कार. भाऊजींना जरा जास्तच सांग, पुढे उपयोगी पडेल.

तुझी विजयी धाकटी

ता. क. पत्रात लाल खुणा दिसतील. विहीणबाईंनी तपासून दिलंय. बारीक आवाजापुढे त्यांनी 'असत्य' लिहिलंय, तिकडे लक्ष देऊ नकोस.

पुन्हा ता. क. आम्ही दोघी पंधरवडाभर समुद्र बघायला निघालोय. हे पत्र घेऊन आलेले आमचे हे फक्त पत्र पोचवायला आलेत, अशी त्यांची समजूत आहे. चहा पाज आणि मग हळूच सांग. घराला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे. सोबतचं खोकं म्हणजे तुझी भेट, असं त्यांना सांगितलंय. आत त्यांचे कपडे आहेत.